राजदूतचं दावं

आमच्या पुढच्या खोलीत अडतीस वर्षं एक मोटरसायकल उभी होती. उभी म्हणजे स्टँडवर, पुसलेली, आणि अंगावर माझ्या रुखवतातली चादर. पाहुणा आला की त्याला खाटेच्या कडेवर अंग चोरून बसावं लागे, पण गाडी हलवायचं नाव कोणी काढत नसे. माझ्या भूमिकाला पाहायला रनाळ्याचे लोक आले, तेव्हा पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन गाडीला वळसा घालून आली. त्या लोकांनी आधी गाडी पाहिली, मग मुलगी.

गाडी म्हणजे राजदूत, साडेतीनशेची, जपानी इंजिनाची. शहाऐंशी साली तोरणमाळच्या घाटात मोटरसायकलींची शर्यत भरली होती, पायथ्यापासून वर तलावापर्यंत. तीत डबल सीटचा एक गट होता. गाडीवर दोन मोठी माणसं हवीत आणि दोघं वरपर्यंत पोचली पाहिजेत, एवढाच नियम. त्या गटात मगन पाटलांनी विक्रम केला. मगन पाटील म्हणजे माझे यजमान. बोलताना मी त्यांना भूमिकाना बाप म्हणते आणि ते मला भूमिकानी माय म्हणतात. इथे मात्र मी त्यांचं नाव घेणार आहे, कारण नावाचाच सगळा मामला आहे.

विक्रम किती मिनिटांचा ते विचारू नका. मगन पाटील दरवर्षी सांगताना त्यातून दोन-चार सेकंद कमी करतात. अजून काही वर्षं जगले तर गाडी निघण्याआधीच वर पोचलेली असेल. हा विक्रम आजवर कोणी मोडला नाही, हे ते छाती काढून सांगतात. मोडणार कसा? पुढच्याच वर्षी कुठल्याशा पुढाऱ्याचा भाचा वळणावरून थेट झुडपात गेला आणि शर्यत कायमची बंद पडली.

तर त्या दिवशी मागच्या सीटवर मी होते.

हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. खरं तर बसायचं होतं उखाने. उखा म्हणजे यांचा जिवाभावाचा मित्र, त्याचंच नाव आधी लिहून दिलेलं. पण सकाळी सराव करताना पहिल्याच वळणावर त्याने खाली दरी पाहिली आणि त्याचं पोट बिघडलं. तो जो झाडीत गेला तो शर्यत संपेपर्यंत बाहेर आला नाही. मी तिथे होते ते सासूबाईंच्या नवसामुळे. वर गोरखनाथाला नारळ द्यायचा म्हणून घरच्या बायका जीपमधून आल्या होत्या. सासू-सासरे पहिल्या खेपेला वर गेलेले, मी पायथ्याशी दुसऱ्या खेपेची वाट पाहत उभी. लग्नाला तीन महिने झाले होते. मगन पाटील रडकुंडीला आले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गावच्या जीपभर पुरुषांना त्यांनी विचारलं, एकजण मागे बसायला तयार होईना. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू बठशी का?"

मी बसले. एका बाजूला पाय सोडून, डोक्यावर पदर घेऊन, कारण दुसरं कसं बसायचं ते मला माहीतच नव्हतं. शर्यतवाले म्हणाले, साडी चाकात जाईल. राजदूतचं साडी गार्ड यांनी वजन नको म्हणून घरीच काढून ठेवलेलं. मग बघ्यांमध्ये शहाद्याचे जनावरांचे डॉक्टर होते, त्यांच्या गाडीचं साडी गार्ड सोडवून आमच्या गाडीला डाव्या अंगाने तारेने आणि दोन बोल्टांनी आवळलं. साडी गार्ड म्हणजे चाकाआडची लोखंडी जाळी, तिला खाली बाईने पाय ठेवायची पट्टी. त्या पट्टीवर पाय रोवून मी तो घाट चढले.

मला काय सांगू, किती मजा आली. पहिल्या वळणावर मी डोळे मिटले आणि दुसऱ्यावर उघडले ते उघडेच ठेवले. मगन पाटील ओरडायचे, "वाक", की मी वाकायची. एका वळणावर गाडी इतकी कलली की पायाखालची पट्टी रस्त्याला घासली, ठिणग्या उडाल्या, माझी एक चप्पल गेली आणि पट्टीचा कोपरा घासून सपाट झाला. मी ओरडले नाही. मला वाटत होतं, हा घाट संपूच नये. वर तलावाशी गाडी थांबली तेव्हा पदर कधीचाच उडालेला होता. मगन पाटलांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "तू व्हती म्हनीसन गाडी वर उनी."

तू होतीस म्हणून गाडी वर आली, हे वाक्य त्यांनी आयुष्यात एकदाच म्हटलं. मी त्याच्यावर अडतीस वर्षं काढली.

कारण गाडीच्या समोरच सासरे उभे होते. बोडक्या डोक्याची सून, एका पायात चप्पल, चारशे लोकांच्या देखत मोटरसायकलवर. संध्याकाळी घरी त्यांनी जीपभर लोकांना ओट्यावर बसवून सांगितलं, "सून आज घरमाज व्हती. मांगे उखा बठेल व्हता. समजनं का सगयासले?" सगळ्यांना समजलं. उखाला तर इतकं चांगलं समजलं की दुसऱ्या दिवसापासून तो वळणं मोजून सांगायला लागला. माझी चप्पल गेली त्या वळणावर आपली गेली असंही तो सांगतो. त्याच्या नव्या चपलेचे पैसे सासऱ्यांनीच दिले.

सासरे गेले त्याला वीस वर्षं होऊन गेली. त्यांच्या धाकात होतो तोवर मी मगन पाटलांना काही म्हटलं नाही. ते गेल्यावर मी वाट पाहिली. आता म्हणतील, पुढच्या दसऱ्याला म्हणतील. दसऱ्याला ते गाडीला झेंडूची माळ घालत, उखाला पेढा देत, आणि मी ताट घेऊन उभी. तुम्ही म्हणाल, बाई, तूच का नाही सांगितलंस? मी सांगितलं असतं तर ते बायकोचं बोलणं झालं असतं. लोक हसले असते, उखा सगळ्यात मोठ्याने हसला असता. आणि मला गावाने मानायला नकोच होतं. मला ते एक वाक्य त्याच माणसाच्या तोंडून, चार लोकांत, पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

मग सुरतेचे नवनीतभाई आले.

आमच्या मुलाने, योगेंद्रने, गाडीचा व्हिडिओ फोनवर टाकला होता. तो पाहून या गृहस्थांचा फोन आला. त्यांचा कापडाचा कारखाना आहे आणि सुरतेबाहेर एक मोठा हॉल आहे, त्यात जुन्या गाड्या ठेवलेल्या. चालवत नाहीत, नुसत्या ठेवतात. त्यांच्यासाठी थंड हवेची मशीन लावलेली आहे म्हणे. मगन पाटील आधी नाहीच म्हणाले. पैशाची आम्हाला नड नव्हती, केळीला बरा भाव लागला की तेवढे सुटतात. पण नवनीतभाई मुरलेले. त्यांनी पितळी पाटीचा विषय काढला. गाडीच्या पुढे पितळी पाटी, तीवर विक्रम करणाऱ्या दोघांची नावं, तीन भाषांत. त्या रात्री मगन पाटलांना जेवण गेलं नाही. सकाळी उठून म्हणाले, "घरमा धूय खाई ऱ्हायनी बिचारी. तठे लोके तरी देखतीन."

बिचारी गाडी. मी भाकरी थापत होते. धूळ ती खात नव्हती, मी रोज झाडत होते.

गाडी न्यायच्या दिवशी नवनीतभाई पांढऱ्या मोटारीतून आणि मागे टेम्पो घेऊन आले. दारात उतरून त्यांनी आधी राजदूतला हात जोडले, मग मगन पाटलांना, मग योगेंद्रला. मी पाणी घेऊन गेले तर ग्लास उचलताना ट्रेकडे पाहिलं. त्यांच्या कारखान्यात निम्मे कामगार आपल्या खानदेशचे, त्यामुळे मराठी येत होतं, म्हणजे माणसाला कामाला लावण्यापुरतं. बरोबरच्या दोघांनी पांढरे हातमोजे घातले आणि मग गाडीला हात लावला. त्या सीटवर आमची मांजर दोनदा व्याली होती.

उखा हजर होताच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, काळा चष्मा, आणि या वयात केस रंगवून आला होता. नवनीतभाईंनी त्याला मिठी मारली. "तुम्ही बॅक सीट? वा. असली काम तर मागच्याचंच असतं."

"ते ते शेच," उखा म्हणाला. "मगन म्हने, वाक. मी असा वाकनू, असा वाकनू का डोकं जमीनले लागी जाये." आणि तो खरंच वाकून दाखवायला लागला. कंबर धरली तेव्हा थांबला.

मी मगन पाटलांकडे पाहिलं. ते टाकीवरची धूळ उपरण्याने पुसत होते. टाकीवर धूळ नव्हती.

नवनीतभाईंनी मग फोनमध्ये लिहून घ्यायला सुरुवात केली. "पाटीवर नाव कसं पायजे? पूर्ण सांगा." मगन पाटलांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, मुक्काम प्रकाशा सांगितलं. "आणि मागे?" नवनीतभाईंनी विचारलं. मी दारात चहाची किटली घेऊन उभी होते. मगन पाटलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. इतकं पाहिलं की मला वाटलं, आता म्हणतात. लाज वाटेल असं मला वाटलं होतं, पण आनंदच वाटत होता.

"उखा," ते म्हणाले. "उखा लिखा."

मी चहा दिला. उखाने दोन कप घेतले.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत. गाय असो, बैल असो, गिऱ्हाइकाने आपलं दावं आणायचं आणि त्याने बांधून न्यायचं. विकणाऱ्याचं दावं विकणाऱ्याच्या घरी राहतं. दावं गेलं की गोठ्यातली बरकत त्याच्या मागे जाते असं मानतात. आमच्या गोठ्यात खिळ्याला आजवर विकलेल्या सगळ्या जनावरांची दावी टांगलेली आहेत. कोणतं कोणाचं ते मी सांगू शकते. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली घोडी विकली, तिचा लगामसुद्धा तिथेच आहे.

मगन पाटील ही रीत कधी चुकवत नाहीत. गाडी खोलीबाहेर काढल्यावर त्यांनी नवनीतभाईंना थांबवलं आणि सांगितलं, "शेठ, एक काहीतरी आम्हनापा ऱ्हाई. दावं देतस नही आम्ही." योगेंद्रने कपाळाला हात लावला. नवनीतभाईंना समजवायला वेळ लागला. समजल्यावर ते हसले, पण किल्ली म्हटलं तर नाही म्हणाले. दोन्ही किल्ल्या पायजे. हॅंडलची रबरं म्हटलं तर नाही. एक नट म्हटलं तरी नाही. "मगनभाई, एकेक गोष्ट ओरिजनल, रेसच्या दिवशी होती तशी पायजे. तेच्यासाठी तर घेतो ना मी. एक स्क्रू कमी तर गाडी कमी."

"मंग जाऊ द्या," मगन पाटील म्हणाले. "गाडीले काय दावं ऱ्हास का?" पण चेहरा उतरला होता. शंका मनात राहिली.

हातमोजेवाल्यांपैकी एकजण तेवढ्यात डाव्या अंगाला वाकला आणि म्हणाला, "शेठ, हे पाहा." साडी गार्ड. शर्यतीनंतर डॉक्टरांना परत द्यायचं राहून गेलं, तारेच्या जागी बोल्ट आले आणि ते गाडीलाच राहिलं.

नवनीतभाईंनी तोंड वाकडं केलं. "रेसच्या गाडीला साडी गार्ड? हे रेसच्या दिवशी होतं?"

तिथे त्या दिवसाचे आम्ही तिघे होतो. उखाने चष्मा काढून पुसायला घेतला. मी कपबश्या गोळा करायचं थांबवलं. मगन पाटील खाली बसले, त्या घासलेल्या पट्टीच्या कोपऱ्यावर त्यांनी अंगठा फिरवला. त्यांना सगळं आठवत होतं. विसरलेल्या माणसाचा अंगठा नेमका तिथे जात नाही.

"नही," ते म्हणाले. "ते मांगेथून बसाडं. घरन्या बायका बठतस म्हनीसन."

"मग काढा," नवनीतभाई म्हणाले. "लेडीज आयटम. सगळा लुक खराब करतो."

बोल्ट गंजलेले होते. हातमोजेवाल्याने हातोडीचे घाव घातले तेव्हा ते सुटलं आणि त्याने ते अंगणात भिरकावलं. ते गव्हाणीपाशी जाऊन पडलं, गाय दचकून मागे सरली. मला त्या क्षणी त्या सगळ्यांची शिसारी आली. उखाची तर नेहमीचीच. नवनीतभाईंची, की ज्यांना एकेक स्क्रू पाहिजे होता आणि ज्यांनी आत्ताच विक्रमातली निम्मी गाडी उकिरड्यावर टाकली. पण सगळ्यात जास्त त्या खाली बसलेल्या माणसाची. सासऱ्यांना घाबरत होता तोवर मी समजून घेतलं. आता कोणाला घाबरत होता? सुरतेच्या कापडवाल्याला?

गाडी निघायची तेव्हा ओवाळायला बाई लागतेच. योगेंद्र म्हणाला, "माय, ताट लय." मी ताट आणलं. गाडीच्या दिव्याला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नवनीतभाईंनी त्याचा फोटो काढला, पण माझा फक्त हात येईल असा. मग मगन पाटलांना पुढे आणि उखाला मागे बसवून फोटो काढले, कितीतरी. उखा मागच्या सीटवर चढताना घसरला आणि योगेंद्रने त्याला कमरेला धरून वर ढकललं. घाटाचा तो वीर आमच्या अंगणात, स्टँडवर उभ्या गाडीवर, दोन्ही हातांनी मगन पाटलांचा सदरा घट्ट धरून बसला होता.

टेम्पो गेला. पुलाच्या बाजूने आवाज ऐकू येईनासा झाला तरी मगन पाटील रस्त्यात उभे होते. मी गव्हाणीपाशी गेले, साडी गार्ड उचललं, राखेने घासलं आणि गोठ्यातल्या खिळ्याला सगळ्या दाव्यांच्या बरोबर टांगलं.

"माय, ते भंगार कसाले ठी ऱ्हायनी?" योगेंद्रने विचारलं.

"दावं शे," मी म्हटलं. "रीत शे ना आपली."

पुढच्या खोलीत मी दुसऱ्याच दिवशी पलंग टाकला. चादर धुतली आणि त्याच्यावर अंथरली. फरशीवर तेलाचे डाग राहिले होते, ते काही केल्या निघाले नाहीत, पण पलंगाखाली गेले. दुपारी दार लोटून मी तिथे आडवी झाले आणि छान झोप लागली. मगन पाटील दारातून आत पाहत, चुकल्यासारखं करत आणि परत फिरत. मला त्यांची दया आली नाही.

काही दिवसांनी पाटीचा फोटो आला. पितळी पाटी, चकचकीत, तीन भाषांत दोन नावं. मगन पाटलांनी तो केदारेश्वराच्या मंदिरापाशी बसणाऱ्या झाडून सगळ्यांना दाखवला. शहाद्याला गेले तर तिथे, लोणखेड्याला बियाणं आणायला गेले तर दुकानात. उखाने तर फोटो मोठा करून घरात लावला. त्याची बायको शांतीबाई मला विहिरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "मन्हा मानूसनं नाव सुरतले लागनं, बहीन." मी म्हटलं, "लागनं." शांतीबाईवर राग कसला काढायचा. तिला खरं सांगितलेलंच नाही कोणी.

त्यानंतर एका सकाळी फोन आला. मगन पाटील ओसरीत बसलेले, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला. नवनीतभाईंचा आवाज निराळाच होता, पोटात दुखत असल्यासारखा.

"मगनभाई, ते साडी गार्ड आहे ना, मी काढून टाकलेला? आहे ना घरी?"

"काबरं?" मगन पाटील म्हणाले.

"अरे, एका माणसाकडून रेसचा जुना फोटो भेटला मला. गाडी वर तलावाजवळ उभी आहे, एकटीच. आणि साडी गार्ड लागलेला आहे. तोच, कोपरा घासलेला. तुम्ही तर म्हणाले नंतर लावला." मग जरा थांबून, "माझ्याकडे लोक येतात, जाणकार. ते फोटो बघतात, गाडी बघतात, मला हसतात. मला तोच पायजे. दुसरा नाय चालणार. काय पायजे ते मागा. आणि हे पण सांगा, रेसमध्ये साडी गार्ड लावला कशाला?"

मगन पाटलांनी फोनवर हात ठेवला आणि गोठ्याकडे पाहिलं. ते कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. रोज दूध काढायला तिथेच बसतात.

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, "देसू मी. एक नवा पैसा नको माले. फक्त त्यासले सांगा, मांगे कोन बठेल व्हतं."

"आते कसाले?" ते हळू आवाजात म्हणाले. "पाटी बनी गयी."

"पाटी ऱ्हाऊ द्या उखाना नावनी. फोनमा सांगा नुसतं. मी आयकसू."

"लोके काय म्हनतीन?"

"ती चिंता मामंजीसले व्हती. त्या ते गयात."

फोनमधून नवनीतभाई "हॅलो, हॅलो" करत होते. मगन पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी खोटं सांगणार नाही. गाडीसाठी आले असतील, माझ्यासाठी आले असतील. वीस वर्षांपूर्वी आले असते तर मी त्यांना दुसरं काही विचारलंच नसतं. मी उठून जवळ गेले, त्यांच्या शेजारी ओसरीवर बसले. बोलायला सोपं जावं म्हणून माझं तोंडही दुसरीकडे केलं. एक वाक्य होतं. ते त्यांनी एकदा म्हटलेलं होतं, नवीन काही जुळवायचं नव्हतं. मला खरंच वाटलं की ते म्हणतील. छातीत धडधडत होतं, वर तलावाशी गाडी थांबली तेव्हा धडधडत होतं तसं.

त्यांनी फोनवरचा हात काढला.

"शेठ," ते म्हणाले, "ते सापडी नही ऱ्हायनं. भंगारमा गयं वाटतं."

नवनीतभाई बरंच काही बोलले. शोधा म्हणाले, भंगारवाल्याचा नंबर द्या म्हणाले, माणूस पाठवतो म्हणाले. मगन पाटील प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणत गेले. त्यांच्या गाडीचा मान त्या हॉलमध्ये रोज थोडा थोडा जाणार होता, लोक फोटो बघून हसणार होते, आणि ते त्यांना चालत होतं. माझं नाव घेणं तेवढं चालत नव्हतं. इतके दिवस मला वाटायचं की त्यांना हिंमत नाही. त्या दिवशी कळलं, त्यांना ते वाक्य मला द्यायचंच नव्हतं.

मला रडू आलं नाही. मी त्या माणसाला वर न्यायला गाडीवर बसले होते, आणि तो अजून पायथ्याशीच उभा होता, मागे बसायला कोणी आहे का विचारत. असला माणूस. मी सूप घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडून टाकले.

फोन ठेवून मगन पाटलांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चहा मांड ना, भूमिकानी माय."

मी स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा फळीवर, नेहमीच्या जागी, भरलेला होता.

"साखर सापडी नही ऱ्हायनी," मी आतून सांगितलं.